मक्ता देणारे आणि मक्ता घेणारे

1997 साली फिफा ह्या जागतिक फुटबॉल संघटनेच्या बँकखात्यात 15 लाख स्विस फ्रँकची एक रक्कम येऊन पडली. रक्कम धाडणारी आय. एस. एल. ही कंपनी संघटनेला परकी नव्हती. विश्वचषक स्पर्धेचे व्यापारी हक्क संघटनेकडून मक्त्याने घेऊन ते जगभर विकणे हाच तिचा व्यवसाय होता, आणि मक्तेदाराकडून पैसा यावा ह्यात हिशेबनिसाला नवल वाटण्याजोगे काही नव्हते. परंतु ही रक्कम मक्त्याच्या हप्त्याची नव्हती. ती संघटनेचे अध्यक्ष जोआव हावेलांज ह्यांना खासगीत पोचावयाची होती, आणि कोणाच्या तरी हातून झालेल्या चुकीमुळे, ज्या संस्थेशी प्रतारणा करून ती द्यावयाची, त्याच संस्थेच्या तिजोरीत दाखल झाली होती. चूक ध्यानात येताच रक्कम जिथून आली तिथे परत गेली. चौकशी बसली नाही, आणि मक्तेदाराचा मक्ताही चालूच राहिला. त्या वेळी सरचिटणीसपदी सेप ब्लाटर होते. पुढल्याच वर्षी ते अध्यक्ष झाले. 2013 साली संघटनेच्या नीतिसमितीचे न्यायाधीश हान्स-योआखिम एकर्ट ह्यांनी असा निर्वाळा दिला की, ह्या प्रकरणी ब्लाटर ह्यांचे वर्तन फार तर अनाडीपणाचे म्हणता येईल, परंतु त्यात नीतिनियमांचा भंग झालेला नाही.

त्या निर्वाळ्यापेक्षा ती परत गेलेली रक्कमच मला अधिक अस्वस्थ करते. ज्या दफ्तरातून ती परत धाडली गेली तिथे हा पैसा कशाबद्दलचा, एवढा साधा प्रश्न जोराने विचारला गेला असता, तर पुढील अठरा वर्षांचा इतिहास कदाचित वेगळा झाला असता. परंतु प्रश्न विचारणाऱ्याची नोकरी, बढती आणि पुढील निवडणूक ही ज्याला प्रश्न विचारावयाचा त्याच्याच मर्जीवर अवलंबून असली, म्हणजे प्रश्न ओठांवर येण्यापूर्वीच विरून जातो. त्यासाठी कोणाला लाच द्यावी लागत नाही, की धमकी.

हा व्यवहार जगापुढे साधार आला तो 2012 च्या जुलैत, स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने संबंधित कागद खुले करण्याचा मार्ग मोकळा केल्यानंतर. आणि त्यामागे अँड्र्यू जेनिंग्ज ह्यांच्यासारख्या, फिफाने आपल्या पत्रकार परिषदांतून कायमचे बेदखल केलेल्या वार्ताहरांची अनेक वर्षांची चिकाटी होती, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. त्या कागदांनुसार हावेलांज ह्यांना किमान 15 लाख, आणि त्यांचे एके काळचे जावई व ब्राझीलच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष रिकार्डो तेशेरा ह्यांना 1992 ते 1997 ह्या काळात किमान 1 कोटी 27 लाख स्विस फ्रँक पोचले होते. 2001 साली आय. एस. एल. चे दिवाळे निघाल्यावर झुग येथे तिच्या चालकांवर जो खटला चालला, त्यात अशा रीतीने वाटल्या गेलेल्या पैशांचा आकडा 13 कोटी 80 लाख फ्रँकवर गेला. तथापि खासगी संस्थेच्या अधिकाऱ्याने अशी लाच घेणे हा त्या काळच्या स्विस कायद्याप्रमाणे गुन्हाच नव्हता. काही रक्कम परत भरून घेऊन हावेलांज-तेशेरा प्रकरण मिटविण्यात आले.

ह्या साऱ्याचा उगम शोधू गेल्यास 11 जून 1974 ह्या दिवसाकडे यावे लागते. त्या दिवशी फ्रँकफुर्ट येथे हावेलांज ह्यांनी सर स्टॅन्ली राउस ह्या इंग्रज अध्यक्षांचा पराभव केला. आफ्रिका आणि आशिया खंडांतील नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना राउस ह्यांच्या कारभारात उपेक्षेखेरीज फारसे काही मिळाले नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी संघटनेविषयी त्यांची वृत्ती मवाळ होती. आणि विश्वचषकाच्या सोळा जागांपैकी बहुतेक जागा युरोप व दक्षिण अमेरिका हेच वाटून घेत. हावेलांज ह्यांनी ह्या देशांना अधिक जागा, तरुण खेळाडूंसाठी स्वतंत्र स्पर्धा आणि आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि दिलेली वचने त्यांनी पुष्कळ अंशी पाळलीही. 1976 साली दक्षिण आफ्रिकेची संघटना बाहेर घालविली गेली, 1977 साली ट्युनिशियात तरुणांची पहिली जागतिक स्पर्धा कोका-कोलाच्या आश्रयाने भरली, आणि विश्वचषकातील संघ 1982 साली 24 व 1998 साली 32 झाले. फुटबॉलमधील भ्रष्टाचाराविषयी लिहिताना पाश्चात्त्य लेखक ही बाजू फार घाईने ओलांडतात. एका देशाला एक मत हा नियम न्यायाचा होता, आणि तो ज्यांच्या बाजूने प्रथमच फळला ते देश खरोखरच वंचित होते.

परंतु साहाय्याला पैसा हवा होता, आणि तो आणण्याची किल्ली आदिदास कंपनीचे होर्स्ट डासलर ह्यांच्यापाशी होती. खेळाच्या संघटनेशी मैत्री जोडून तिचे व्यापारी हक्क एकमुठी घ्यावयाचे आणि ते मोठ्या उत्पादकांना विकावयाचे, ही युक्ती त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शास्त्रशुद्ध केली. 1982 साली स्थापन झालेली आय. एस. एल. हे तिचेच फळ. इथपर्यंत व्यवहार चोख मानता येईल. हक्क कोणाला आणि किती किमतीस द्यावयाचे हे ठरविणाऱ्या मंडळींना हक्क घेणाराच खासगीत पैसा पोचवू लागला, तेव्हा मक्ता देणारा आणि मक्ता घेणारा ह्यांतील भेद संपला. आणि त्याच मक्त्यातून आलेला उजळ पैसा अनुदानाच्या रूपाने मतदार संघटनांकडे जाऊ लागला, तेव्हा ज्यांनी ह्या कारभाऱ्यांना जाब विचारावा तेच त्यांचे उपकृत झाले.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपण फुटबॉलच्या कारभारातील भ्रष्टाचार शोधताना नोटांची पाकिटे शोधीत बसतो आणि पाकिटाच्या कितीतरी आधी घडलेले पाप दृष्टीआड करतो. एकाच माणसाने व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना बसावे, अनुदान वाटणाऱ्याने अनुदान घेणाऱ्यांच्याच मतांवर निवडून यावे, आणि ज्याची चौकशी व्हावयाची त्यानेच चौकशी करणारा नेमावा, ही व्यवस्था स्वतःच गैर आहे; तिच्यात पुढे लाच घेतली गेल्याचे सिद्ध होवो वा न होवो. परस्परविरोधी हितसंबंध हा भ्रष्टाचाराचा केवळ संशय नव्हे, तो विश्वासाचा भंग होय, आणि तो भंग करणाऱ्यास पद सोडावयास लावण्यासाठी फौजदारी न्यायालयाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर आहे. तेथील जॅक वॉर्नर हे 1990 पासून 2011 पर्यंत उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटे ह्यांच्या कॉन्काकाफ ह्या महासंघाचे अध्यक्ष होते, शिवाय कॅरिबियन संघटनेचे अध्यक्ष आणि फिफाचे उपाध्यक्षही होते. त्यांच्या पुढाकाराने त्रिनिदादमध्ये एक भव्य क्रीडाकेंद्र उभे राहिले, त्याला हावेलांज ह्यांचे नाव देण्यात आले, आणि त्यासाठी फिफा व महासंघ ह्यांच्याकडून सुमारे 2 कोटी 60 लाख डॉलर आले. बार्बाडोसचे माजी सरन्यायाधीश डेव्हिड सिमन्स ह्यांच्या समितीने 2013 साली अहवाल दिला तेव्हा महासंघाच्या सभासदांना कळून चुकले की, ज्या जमिनीवर हे केंद्र उभे आहे ती महासंघाच्या मालकीची नसून वॉर्नर ह्यांच्याच कंपन्यांच्या मालकीची आहे. म्हणजे अध्यक्ष ह्या नात्याने ज्याने पैसा मागितला, त्याच्याच जमिनीवर तो पैसा खर्च झाला, आणि सोळा-सतरा वर्षांत कोणी सात-बारा पाहावा तसा मालकीचा कागद पाहिला नाही.

त्याच वॉर्नर ह्यांच्या सहीने महासंघाचे सरचिटणीस चक ब्लेझर ह्यांच्याशी एक करार झाला होता. महासंघाच्या जाहिरात व प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नावर ब्लेझर ह्यांना दहा टक्के दलाली मिळावी, असे त्यात ठरले होते. हक्कांचे करार करण्याचे काम सरचिटणीसाचे, आणि त्या करारांवर दलाली खाणारा मध्यस्थही तोच! कराराची मुदत 1998 साली संपली, तरी दलाली 2011 पर्यंत चालू राहिली. न्यू यॉर्कच्या ट्रम्प टॉवरमध्ये महासंघाचे कार्यालय होते आणि त्याच इमारतीत ब्लेझर ह्यांचे राहते घरही होते. हा गृहस्थ लपूनछपून काही करीत नव्हता, हे मला ह्या हकिकतीतील सर्वांत शोचनीय वाटते. त्याचे वैभव सर्वांना दिसत होते, आणि दिसत असूनही त्याचा हिशेब मागावा असे मतदार संघटनांपैकी कोणास वाटले नाही, कारण प्रत्येकीच्या पदरात थोडेफार पडतच होते.

2006 साली त्रिनिदाद प्रथमच विश्वचषकास पात्र ठरला, तेव्हा त्या सामन्यांची तिकिटे चढ्या भावाच्या सहलींत घालून विकली ती वॉर्नर कुटुंबाच्या प्रवासी कंपनीने. आणि 2005 साली कॅरिबियन संघटनेला 2010 व 2014 ह्या दोन विश्वचषकांचे प्रक्षेपणहक्क अवघ्या 6 लाख डॉलरला देणारा जो करार झाला, त्यावर फिफाच्या बाजूने सही होती खुद्द ब्लाटर ह्यांची. वॉर्नर ह्यांनी आपल्यावरील सर्व आरोप वेळोवेळी नाकारले आहेत, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु जमिनीची मालकी आणि प्रवासी कंपनीचे नाव ह्या गोष्टी आरोप नव्हेत. त्या कागदावर आहेत.

10 मे 2011 रोजी पोर्ट ऑफ स्पेन येथील एका मोठ्या हॉटेलात कॅरिबियन संघटनांचे प्रतिनिधी जमले होते. फिफाच्या अध्यक्षपदासाठी ब्लाटर ह्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले, आशियाई महासंघाचे अध्यक्ष व कतारचे रहिवासी मोहम्मद बिन हम्माम ह्यांचे भाषण झाल्यावर प्रतिनिधींना एकेकाने एका खोलीत बोलावण्यात आले आणि प्रत्येकाच्या हाती एक पाकीट ठेवण्यात आले. बहामा बेटांच्या प्रतिनिधीने पाकीट उघडले; आत 40 हजार डॉलर रोख होते. त्याने नोटांचे छायाचित्र घेतले, वरिष्ठांना कळविले आणि पैसा परत केला. त्या गर्दीतील ह्या एका माणसाचा मला मनापासून आदर वाटतो. तक्रार पुढे फिफाकडे गेली ती ब्लेझर ह्यांच्यामार्फत, म्हणजे स्वतः दहा टक्क्यांवर जगणाऱ्या माणसाच्या हातून.

ह्या प्रकरणाची पुढील वाटचाल कायद्याच्या अभ्यासकांनी लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. फिफाने बिन हम्माम ह्यांना आजन्म बरतर्फ केले. त्यांनी लोझान येथील क्रीडा लवादाकडे दाद मागितली, आणि 2012 च्या जुलैत लवादाने शिक्षा रद्द केली. पैशाचा उगम त्यांच्यापाशीच असण्याचा संभव अधिक आहे असे म्हणूनही, पुरावा शिक्षेस पुरेसा नाही असा निकाल दिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना पुन्हा आजन्म बरतर्फ करण्यात आले, परंतु ह्या खेपेस पाकिटांबद्दल नव्हे, तर आशियाई महासंघाच्या कारभारात परस्परविरोधी हितसंबंध वारंवार जोपासल्याबद्दल. आणि ही शिक्षा टिकली. लाच सिद्ध करावयास देणाऱ्याचा हात आणि घेणाऱ्याचा हेतू दोन्ही दाखवावे लागतात. हितसंबंधाचा विरोध सिद्ध करावयास हिशेबाच्या वह्या पुरतात.

2 डिसेंबर 2010 च्या मतदानाविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. 24 जणांच्या कार्यकारिणीतील दोघे एका वृत्तपत्राने रचलेल्या सापळ्यात सापडल्यामुळे निलंबित झाले होते. उरलेल्या 22 जणांनी 2018 चा विश्वचषक रशियाला आणि 2022 चा कतारला दिला, आणि त्या 22 जणांपैकी बहुसंख्यांवर पुढे कोणती ना कोणती कारवाई वा आरोप झाला. 2020 साली अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी काही मतांसाठी पैसा दिला गेल्याचा आरोप केला. कतारने तो फेटाळला आहे. फिफाने स्वतः नेमलेले चौकशी अधिकारी मायकेल गार्सिया ह्यांनी 2014 च्या सप्टेंबरात सुमारे 430 पानांचा अहवाल दिला. न्यायाधीश एकर्ट ह्यांनी त्याचा 42 पानांचा सारांश काढून प्रकरण मिटल्याचे जाहीर केले, गार्सिया ह्यांनी त्या सारांशास जाहीर हरकत घेतली आणि डिसेंबरात राजीनामा दिला. मूळ अहवाल फुटण्याच्या बेतात आला तेव्हा कोठे 2017 साली फिफाने तो प्रसिद्ध केला. रशियाच्या समितीने वापरलेले संगणक भाड्याचे होते, ते मालकाला परत गेले आणि नष्ट झाले, असे उत्तर चौकशीत मिळाले होते.

27 मे 2015 च्या पहाटे झ्युरिकच्या बोर ओ लाक हॉटेलात सात पदाधिकाऱ्यांना अटक झाली, आणि हॉटेलच्या नोकरांनी त्यांना छायाचित्रकारांपासून चादरींच्या आडोशाने गाडीपर्यंत नेले. त्याच वर्षी ब्लाटर ह्यांच्यावर बंदीही आली, परंतु ती ह्या अटकांतून नव्हे, तर एका जुन्या देण्यावरून. मिशेल प्लॅटिनी हे 1998 ते 2002 ह्या काळात ब्लाटर ह्यांचे सल्लागार होते. 1999 च्या लेखी करारात त्यांचे वेतन वर्षाला 3 लाख स्विस फ्रँक ठरले होते. 2011 च्या फेब्रुवारीत, म्हणजे काम संपून आठ-नऊ वर्षे लोटल्यावर आणि अध्यक्षपदाची निवडणूक चार महिन्यांवर आली असताना, प्लॅटिनी ह्यांना आणखी 20 लाख फ्रँक मिळाले. ते तेव्हा युरोपीय महासंघाचे अध्यक्ष होते, त्यामुळे निवडणुकीत त्यांच्या शब्दाला वजन होते. मूळ करार तोंडी झाला होता, वर्षाला 10 लाखांचा होता, त्यातील बाकी पुढे चुकती झाली, असे दोघांनीही सांगितले.

2022 च्या जुलैत बेलिन्झोना येथील न्यायालयाने आणि 2025 च्या मार्चमध्ये अपिलाच्या न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. तो निकाल मी आदराने स्वीकारतो. दोनदा निर्दोष ठरलेल्या माणसाला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ह्याच व्यवहाराबद्दल नीतिसमितीने 2015 साली दोघांना फुटबॉलच्या कारभारातून दूर केले होते, आणि क्रीडा लवादाने शिक्षेची मुदत प्लॅटिनी ह्यांच्यासाठी चार वर्षांवर आणली असली तरी शिक्षा मुळात उडवून लावली नव्हती. ह्या दोन निर्णयांत काही विसंगती आहे असे मानणारे पुष्कळ लोक मला भेटतात. मला ती दिसत नाही. फसवणूक झाली की नाही हे न्यायालयाने पाहिले. जगातील एका अतिश्रीमंत क्रीडासंस्थेचा अध्यक्ष आपल्या संभाव्य समर्थकाशी वा प्रतिस्पर्ध्याशी लाखो फ्रँकचा तोंडी व्यवहार करतो, त्याची रीतसर नोंद ताळेबंदात ठेवीत नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर तो चुकता करतो, हे विश्वस्ताच्या धर्माला धरून आहे काय, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गुन्हा न ठरताही देता येते.

ब्लाटर ह्यांच्यानंतर 26 फेब्रुवारी 2016 रोजी जियानी इन्फान्टिनो निवडून आले आणि सुधारणांचे युग सुरू झाल्याची द्वाही फिरली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मेक्सिको शहरातील अधिवेशनात, स्वतंत्र समित्यांचे सभासद नेमण्याचा व काढण्याचा अधिकार वर्षभरासाठी परिषदेकडे, म्हणजे ज्यांच्यावर त्या समित्यांनी नजर ठेवावयाची त्यांच्याकडेच सोपविण्यात आला. त्याचा निषेध म्हणून लेखापरीक्षण समितीचे प्रमुख डोमेनिको स्काला ह्यांनी दुसऱ्याच दिवशी पद सोडले. पुढल्या वर्षी बहरीनमधील अधिवेशनात चौकशी विभागाचे प्रमुख कॉर्नेल बोर्बेली व न्यायाधीश एकर्ट ह्यांची नेमणूक पुढे चालविली गेली नाही. आपल्यापुढे शेकडो प्रकरणे पडून आहेत असे त्यांनी जाताना सांगितले. रशियाचे उपपंतप्रधान विताली मुत्को ह्यांना परिषदेची उमेदवारी नाकारणारे मिगेल मादुरो हेही त्याच सुमारास गेले. सदस्य संघटनांना मिळणारे साहाय्य मात्र वाढत गेले. 2023 ते 2026 ह्या चार वर्षांत प्रत्येकीला 80 लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात. ह्यातून कुठेतरी हिरवळ उगवते, मुलींचे संघ उभे राहतात, हे मी मान्य करतो. परंतु 11 डिसेंबर 2024 रोजी 2030 व 2034 ह्या दोन विश्वचषकांचा निर्णय 211 संघटनांनी दूरदृश्य सभेत एकत्रच, टाळ्या वाजवून केला, 2034 साठी सौदी अरेबियाखेरीज उमेदवार नव्हता, आणि ह्या पद्धतीला उघड विरोध नॉर्वेच्या संघटनेने नोंदविला, हेही त्या साहाय्याच्या आकड्याशेजारी ठेवून वाचले पाहिजे.

ही दूरदेशीची प्रकरणे असे म्हणून आपल्याला स्वस्थ बसता येत नाही. आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद महाराष्ट्रातील प्रफुल्ल पटेल ह्यांच्याकडे 2009 पासून होते. त्यांच्या कार्यकारिणीची मुदत 2020 च्या डिसेंबरात संपली. घटनेविषयीचा वाद न्यायप्रविष्ट असल्याचे कारण देऊन निवडणूक झाली नाही, आणि तीच मंडळी अधिकारावर राहिली. शेवटी 18 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारभार न्यायमूर्ती अनिल दवे, एस. वाय. कुरेशी व भास्कर गांगुली ह्यांच्या समितीकडे दिला. मुदत संपलेल्या कार्यकारिणीच्या त्या दीड वर्षात फिफाने भारताला निलंबित केले नव्हते. निवडणूक घडवून आणणारी समिती आल्यावर मात्र 'त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप' ह्या कारणाखाली ऑगस्टच्या मध्यात निलंबन झाले. पटेल हे 2019 पासून फिफाच्या परिषदेचे सदस्य होते. त्या निर्णयात त्यांचा हात होता असे मी म्हणत नाही. परंतु राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा सदस्य ह्या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे असताना, अशा वादात त्या दोन्ही संस्थांच्या निःपक्षपातीपणावर लोकांनी विश्वास कशाच्या आधारे ठेवावा?

ह्या निलंबनाची किंमत ज्यांनी मोजली त्या मुली केरळच्या गोकुलम संघाच्या होत्या. आशियाई क्लब स्पर्धेसाठी त्या ताश्कंदला जाऊन पोचल्या होत्या. तिथे त्यांना कळले की आपला देश निलंबित झाल्याने आपल्याला मैदानात उतरता येणार नाही. कारभाऱ्यांच्या खुर्च्यांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता त्या खेळाडू न खेळता परत आल्या. निलंबन 26 ऑगस्टला उठले, म्हणून ऑक्टोबरात भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक होऊ शकला; ताश्कंदची स्पर्धा मात्र गेली ती गेलीच.

गोव्याचा अनुभव ह्याहून जुना आणि अधिक बोलका आहे. 2010 च्या डिसेंबरात महासंघाने आपले सर्व व्यापारी हक्क 15 वर्षांसाठी, 700 कोटी रुपयांना, रिलायन्स व आय. एम. जी. ह्यांच्या संयुक्त कंपनीकडे सोपविले. त्या मक्त्यातून इंडियन सुपर लीग जन्मली, मैदानांना प्रेक्षक मिळाले, खेळाडूंना वेतन मिळाले. कराराच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण माझ्यापाशी नाही. परंतु देशातील अव्वल स्पर्धा कोणती, ही नवी की जुनी आय-लीग, हे ठरविण्याची वेळ आली तेव्हा न्यायासनावर बसला होता महासंघ, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग येत होता त्यांतील एका स्पर्धेच्या चालकाकडून. 2016 साली जुन्या लीगला दुय्यम स्थान देणारा आराखडा आला आणि साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा व पाठोपाठ डेम्पो हे क्लब तिच्यातून बाहेर पडले. डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. कदाचित तो आराखडा खेळाच्या हिताचाच असेल. पण तो देणारा त्रयस्थ नव्हता, आणि म्हणून गोव्यातील क्लबांना न्याय झाला असे पटवून देणे कोणालाही शक्य झाले नाही.

2022 च्या 2 सप्टेंबरला झालेल्या निवडणुकीत बायचुंग भुतिया ह्यांच्यासारख्या देशाच्या नामवंत कर्णधाराला 34 पैकी एक मत मिळाले. निवडून येणाऱ्याचा तो कायदेशीर विजय होता. तथापि मत देणाऱ्या राज्य संघटना त्याच महासंघाकडून अनुदान घेतात, आणि त्या संघटनांचेच पदाधिकारी महासंघाच्या कार्यकारिणीत बसतात. न्यायमूर्ती नागेश्वर राव ह्यांनी तयार केलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या सप्टेंबरात काही फेरफारांसह मान्य केलेली घटना म्हणते की, महासंघाच्या कार्यकारिणीत निवडून आलेल्याने राज्य संघटनेतील पद सोडले पाहिजे. ऑक्टोबरातील सर्वसाधारण सभेत बाकीची घटना स्वीकारली गेली आणि जी दोन कलमे राखून ठेवली गेली त्यांत हे एक होते. ह्या कलमाला झालेला विरोध हाच त्याच्या आवश्यकतेचा पुरावा मी मानतो.

मुंबईतील कूपरेजच्या मैदानावर ज्यांनी सामने पाहिले आणि मडगावच्या फातोर्ड्याला जे आजही जातात, त्यांनी आपापल्या राज्य संघटनेकडे दोन कागद मागावेत. पहिला, गेल्या पाच वर्षांत महासंघाकडून किती अनुदान आले आणि ते कोणत्या मैदानावर, कोणत्या स्पर्धेवर खर्च झाले ह्याचा तपशीलवार जमाखर्च. दुसरा, पदाधिकाऱ्यांच्या व त्यांच्या निकटच्या नातलगांच्या अशा सर्व क्लब, कंपन्या, अकादमी व कंत्राटे ह्यांची नोंदवही, ज्यांचा फुटबॉलशी पैशाचा संबंध पोचतो. हे दोन्ही कागद महासंघाच्या पुढील निवडणुकीपूर्वी छापून प्रसिद्ध व्हावेत, आणि ज्या संघटना ते देणार नाहीत त्यांच्या प्रतिनिधीने मत कोणाच्या वतीने दिले, हा प्रश्न त्या राज्यांतील क्लबांनी सभेत उभे राहून, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने विचारावा.